कॅमेरा हलवू नका!

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या मोठ्या भागातून लोकांना आकाशात काहीतरी जळत, तुटत जाताना दिसलं. कुणी म्हणालं उल्का, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी कडी सापडली. व्यास जवळपास तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या घरात. पुढे त्याच तालुक्यात पवनपारकडे धातूचा गोळाही मिळाला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच अंदाज सांगितला, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. नंतर इस्रोचे लोकही येऊन तुकडे बघून गेले.

त्या संध्याकाळचे बरेच व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. कुणीतरी "अरे बघ बघ" म्हणतंय, मोबाइल हलतोय, मध्येच विजेची तार येते, मध्येच काकांचं डोकं येतं. लोकांचा काही दोष नाही, अचानक असं काही दिसलं तर कुणाचाही हात हलणारच. पण या व्हिडिओंतून "ते नक्की कुठून आलं, किती उंचीवर तुटलं, कुठे पडलं असेल" याचं गणित मांडणं महाकठीण. कारण चौकटीत एकही तारा धड दिसत नाही आणि कॅमेरा कुठे वळलाय ते कळत नाही.

आता दुसरं चित्र डोळ्यासमोर आणा. सिंदेवाहीच्या एखाद्या घराच्या स्लॅबवर एक जुना डीएसएलआर ट्रायपॉडवर घट्ट बसवलाय. कुणी त्याला हात लावत नाही. तो आपला पाच-पाच सेकंदांचे फोटो काढत बसलाय. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली, म्हणजे चंद्राचा उजेड नसल्यातच जमा. त्या कॅमेऱ्याने किती काम केलं असतं! हा आठवडा मी हेच गणित करत बसलोय, आणि माझं मत आता पक्कं झालंय. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जागी आकाशाच्या फोटोचं खरं मोल सौंदर्यात कमी आणि नोंदीत जास्त आहे. आणि नोंदीसाठी स्थिर कॅमेरा आणि छोटं एक्सपोजर यासारखी दुसरी पद्धत नाही.

आधी पद्धत सांगतो, म्हणजे पुढचा वाद समजायला सोपा जाईल.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश तासाला १५ अंशांनी सरकतं. म्हणजे सेकंदाला १५ विकला (एक अंश म्हणजे ३६०० विकला). आपल्याकडच्या साध्या डीएसएलआरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा असतो. त्यावर १८ मिमीची किट लेन्स लावली तर एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या ४५ विकला मावतात. म्हणजे तारा एक पिक्सेल ओलांडायला तीन सेकंद घेतो. पाच सेकंद शटर उघडं ठेवलं तर तो पावणेदोन पिक्सेलच सरकेल, आणि डोळ्याला ठिपकाच दिसेल. ५० मिमीची लेन्स लावली तर मात्र एक-सव्वा सेकंदातच पिक्सेल ओलांडला जातो. फोटोग्राफर लोक ५०० भागिले फोकल लेंग्थ असा एक ठोकताळा वापरतात (छोट्या सेन्सरसाठी आधी दीडने गुणायचं). तो फिल्मच्या जमान्यात ठीक होता, आजच्या बारीक पिक्सेलला जरा सढळच पडतो.

पाच सेकंदांच्या एका फोटोत फार काही दिसत नाही, हे खरं. म्हणून असे १२० फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे. डीपस्कायस्टॅकर, सिक्वेटर, सिरिल ही सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत. ती तारे ओळखून प्रत्येक फ्रेम सरकवतात, फिरवतात आणि सरासरी काढतात. तारा प्रत्येक फ्रेममध्ये असतो म्हणून तो टिकतो, सेन्सरचा नॉइज दर वेळी वेगळा असतो म्हणून तो एकमेकांत विरतो. १२० फ्रेम घेतल्या तर नॉइज १२० च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण अकरा पटीने कमी होतो. दहा मिनिटांचा प्रकाश हातात येतो आणि तारे मात्र ठिपकेच राहतात. २०१९ मध्ये गुगलने पिक्सेल ४ मध्ये आकाशाचे फोटो काढायची सोय दिली, ती हीच युक्ती होती. सोळा-सोळा सेकंदांच्या पंधरापर्यंत फ्रेम घ्यायच्या आणि जोडायच्या. अट एकच, फोन हलता कामा नये.

यावर जाणकार लगेच म्हणतात, "ट्रॅकर घे ना राव!" ट्रॅकर म्हणजे पृथ्वीच्या उलट दिशेने कॅमेरा फिरवणारी मोटर. तिने दोन-चार मिनिटांचं एक्सपोजर मिळतं. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. प्रत्येक फ्रेम वाचताना सेन्सर स्वतःचा थोडा नॉइज घालतो. १२० वेळा वाचलं की तो १२० वेळा येतो. शहरात आकाशच इतकं उजळ असतं की हा भाग त्यात बुडून जातो. पण भामरागड-एटापल्लीसारख्या खऱ्या अंधारात पाच सेकंदांत सेन्सरवर प्रकाशच इतका कमी पडतो की वाचनाचा नॉइज जाणवायला लागतो. गंमत बघा, आकाश जितकं चांगलं तितकी छोट्या एक्सपोजरची अडचण जास्त! त्यावर उपाय म्हणजे लेन्सचं तोंड मोठं हवं, एफ १.८ किंवा २.८, आयएसओ १६०० च्या आसपास, आणि दक्षिणेकडे रोख असेल तर थोडा जास्त वेळ. विषुववृत्तापासून ६० अंशांवरचे तारे निम्म्या वेगानेच सरकतात, तिथे पाचऐवजी दहा सेकंदही चालतात.

पण ट्रॅकरविरुद्ध माझा मुख्य आक्षेप पैशाचा नाही. ट्रॅकर एकाच ताऱ्यामागे धावतो, त्यामुळे जमीन धूसर होते. झाड, टॉवर, देवळाचा कळस, सगळं पुसट. स्थिर कॅमेऱ्यात क्षितिज जागच्या जागी राहतं, म्हणून उद्याची फ्रेम आजच्या फ्रेमवर ठेवून बघता येते. आणि वेळ! समजा दहा मिनिटांच्या एकाच एक्सपोजरमध्ये तो रॉकेटचा तुकडा सापडला असता. काय मिळालं असतं? एक लांब रेघ. ती सातव्या सेकंदाला सुरू झाली की सातव्या मिनिटाला, पत्ता नाही. पाच सेकंदांच्या फ्रेममध्ये मात्र दोन फोटोंमधली फट हीच घड्याळाची खूण होते. रेघ किती अंश लांब आहे ते मागच्या ताऱ्यांवरून मोजायचं, पाचने भागायचं, झाला वेग. अंतराळातला कचरा सेकंदाला सात-साडेसात किलोमीटरने येतो, उल्का किमान अकराने आणि कधीकधी सत्तरीपर्यंत. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, कचरा बराच वेळ रेंगाळत जातो. "उल्का की उपग्रह" हा वाद टीव्हीवर तासभर चालवायची गरजच पडत नाही.

आणि असे दोन कॅमेरे असतील तर? चंद्रपूर आणि गडचिरोली ही शहरं सरळ रेषेत साधारण ७५ किलोमीटरवर आहेत. दोघांच्या बरोबर मध्ये ८० किलोमीटर उंचीवर काही जळत असेल तर चंद्रपूरच्या कॅमेऱ्याला ते पूर्वेकडे सुमारे ६४ अंशांवर दिसेल, गडचिरोलीच्या कॅमेऱ्याला पश्चिमेकडे तितक्याच उंचीवर. दहावीची त्रिकोणमिती. त्यातून मार्ग निघतो, उंची निघते, आणि तुकडे कुठल्या पट्ट्यात शोधायचे हेही निघतं. धातूचा गोळा कुणाच्या धानाच्या बांधीत पडलाय हे कळायला मग गुराख्याच्या नजरेवर अवलंबून राहायला नको. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहू शकतो. म्हणून तो लवकर सापडणं आणि त्याला कुणी हात न लावणं, दोन्ही महत्त्वाचं.

इथे एक गोष्ट माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. फोटो एकावर एक बसवणारी सॉफ्टवेअर 'सिग्मा क्लिपिंग' नावाचा प्रकार वापरतात. १२० पैकी दोनच फ्रेममध्ये दिसलेली गोष्ट ती कचरा समजून काढून टाकतात. विमान, उपग्रह, काजवा, सगळं गायब, फोटो स्वच्छ. म्हणजे लाडबोरीला जे पडलं तेच नेमकं पुसलं जातं! आम्ही सर्व्हरचे लॉग जपून ठेवतो ते ते सुंदर असतात म्हणून नाही. रात्री दोनला काहीतरी फाटतं आणि सकाळी कारण शोधायचं असतं म्हणून. म्हणून माझा आग्रह आहे: अंतिम फोटो हवा तितका सुंदर करा, पण मूळ फ्रेम डिलीट करू नका. निदान ज्या फ्रेम "खराब" झाल्यात त्या तरी नक्की ठेवा. आणि सुरू करण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. वेळ चुकीची असेल तर नोंदीतला अर्धा जीव जातो.

"पण याच्यासाठी लडाखला जायला पाहिजे" असंही ऐकतो. २०२२ मध्ये हानलेला अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र जाहीर झालं, तिथली उंची आणि कोरडी हवा आपल्याकडे येणार नाही, मान्य. पण आकाशगंगेचं केंद्र, वृश्चिक आणि धनूच्या मधला तो दाट भाग, हानलेहून जास्तीत जास्त २८ अंश वर येतो. गडचिरोलीहून तो ४१ अंश वर येतो. सिरोंचाला गेलात तर मे महिन्याच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू दक्षिणेला सरळ उभा असतो, त्याचा सगळ्यात खालचा तारासुद्धा क्षितिजाच्या आठ अंश वर. हानलेहून तो तारा उगवतच नाही. आपल्याकडचं आभाळ ही 'लडाखची गरीब आवृत्ती' नाही, ते वेगळं आभाळ आहे.

अडचणी आहेत, लपवत नाही. आकाशगंगेचा चांगला मोसम मार्च ते मे, आणि त्याच वेळी चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर. सेन्सर तापला की त्याचा नॉइज साधारण सहा-सात अंशांमागे दुप्पट होतो, त्यामुळे झाकण लावून काढलेल्या काळ्या फ्रेम घ्याव्याच लागतात. मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, वणवे लागतात, धुरकट हवा क्षितिज खाऊन टाकते. जूनमध्ये पाऊस आला की चार महिने दुकान बंद. थंडीत लेन्सवर दव. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रात्री जंगलात जायचं नाही. म्हणजे नाहीच! मोह आणि तेंदूच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात अशा मुलखात "फोटोसाठी थोडं आत जाऊ" ही चैन शहरातल्या पाहुण्यालाच सुचू शकते. अंगण, स्लॅब, शाळेचं पटांगण पुरेसं आहे. स्थिर कॅमेऱ्याचा फायदाच हा, लावला की माणूस घरात झोपू शकतो. आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा, गडचिरोलीत तर नक्कीच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तो मुद्दा. लाडबोरीसारखी घटना दहा वर्षांत एकदा होईल. पण रोज रात्री होणारी एक घटना आहे आणि तिची नोंद कुणी ठेवत नाही: आकाश उजळत चाललंय. चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, वर्धा खोऱ्यात कोळशाच्या खाणी रात्रभर फ्लडलाइटवर चालतात. गडचिरोलीत सूरजागडची लोहखनिजाची खाण आहे, कोनसरीचा प्रकल्प आहे. गावोगावी पांढरे एलईडी लागतायत. २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. जगभरच्या सामान्य लोकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी तारे मोजून ५१ हजारांवर नोंदी दिल्या. त्यावरून आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतोय असं निघालं. म्हणजे आठ वर्षांत जवळपास दुप्पट! त्या नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या होत्या. आपल्या भागाचा आकडा काय? उपग्रहाकडे बोट दाखवून चालत नाही, कारण रात्रीचे दिवे टिपणाऱ्या उपग्रहांच्या सेन्सरला एलईडीचा निळा प्रकाश नीट दिसतच नाही. आपल्या डीएसएलआरला मात्र तो दिसतो, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा. तीच जागा, तोच रोख, तीच लेन्स, तोच आयएसओ, तेच पाच सेकंद, अमावास्येच्या आसपास, दरवर्षी त्याच तारखांच्या मागेपुढे. रॉ फाइलमधल्या रिकाम्या आकाशाची सरासरी काढायची आणि वहीत लिहायची. बस. पाच वर्षांनी वाद घालायला आपल्याकडे आकडा असेल.

इथे "गाव अंधारातच बरं" असं कुणी ऐकू नये. पुण्यात बसून गडचिरोलीच्या अंधाराचं कौतुक करणं सोपं आहे. ज्या आईला रात्री पोराला घेऊन दवाखान्यात जायचंय, ज्याला वाटेत साप किंवा वाघ दिसायला हवा, त्याला दिवा हवाच, आणि तो त्याचा हक्क आहे. प्रश्न दिव्याच्या तोंडाचा आहे. आकाशाकडे जाणारा प्रकाश रस्त्यावर पडत नाही, त्याचं बिल मात्र ग्रामपंचायतच भरते. वरून झाकलेला, खाली तोंड केलेला, पिवळसर दिवा रस्ता तितकाच, किंबहुना बरा दाखवतो, कारण तो डोळ्यात घुसत नाही. हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले गेले. नागपूर जिल्ह्यात जमतं ते चंद्रपूर-गडचिरोलीत का जमू नये? आणि सुरुवात खेड्यापासून नको. आधी खाणी आणि कारखान्यांच्या फ्लडलाइटची तोंडं खाली करा, मग गावच्या एका बल्बाकडे बघू.

शेवटचा प्रश्न, हे करणार कोण? माझं उत्तर: तिथलीच माणसं. या आकाशावर त्यांचं नातं आमच्यापेक्षा जुनं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंड लोकांच्या खगोलज्ञानावर २०१३ मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्यात सप्तर्षी म्हणजे खाट आणि ती चोरायला आलेले तीन चोर, मृगाच्या मधल्या ताऱ्यांत नांगर, अशी नावं सापडतात. पेरणीच्या सुमाराला कुठला तारा कुठे असतो हे ठाऊक असलेल्या माणसाला आम्ही आकाश दाखवायला जाणं म्हणजे जरा अतिच. पण त्या ताऱ्यांतले मंद तारे आधी जातील. खाट राहील, चोर राहतील, पण आजूबाजूची ती सगळी दाटी जाईल.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने आपल्या जंगलाची नोंद वर्षानुवर्षं स्वतः ठेवली, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा अधिकारही घेतला. ज्या गावाला आपला बांबू मोजता येतो, त्याला आपलं आकाशही मोजता येईल. एक जुना कॅमेरा, एक ट्रायपॉड, शाळेच्या स्लॅबवर रंगाने मारलेल्या तीन खुणा (म्हणजे दर वेळी पाय तिथेच ठेवता येतात), एक वही. आश्रमशाळेची आठवीतली मुलंही हे करू शकतील. गोंडवाना विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजने दहा गावं जोडली तर पुढचा रॉकेटचा तुकडा पडेल तेव्हा त्याचा मार्ग काढायला आपल्याला परदेशातल्या माणसाच्या ट्वीटची वाट बघावी लागणार नाही.

या भागात तुमचं घर असेल आणि कपाटात जुना कॅमेरा धूळ खात पडला असेल, तर येत्या अमावास्येला तो स्लॅबवर न्या. उत्तरेकडे रोख धरा. ध्रुवतारा फक्त वीस अंशांवर आहे, सहज चौकटीत येईल, आणि जमीनही येईल. पाच सेकंद, १२० वेळा. फोटो कदाचित कुणाला दाखवण्याइतका चांगला येणार नाही. न येऊ दे. तारीख, वेळ आणि आकडा तेवढा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तीन खुणांवर परत ठेवायचाय.